अंबुजा टीचर आणि कोपऱ्यातली तारीख

अंबुजा टीचर प्रेमळ नव्हत्या. हे आधीच लिहून टाकतो, कारण गेल्या महिन्यात इथल्या मराठी मंडळाच्या सभागृहात त्यांच्या शोकसभेत जो उठला तो त्यांना प्रेमळ म्हणून खाली बसला. एकाने मातृहृदयी म्हटलं. दुसऱ्याने सांगितलं की त्यांनी आयुष्यात कुणाला दुखावलं नाही, आणि समोरची मंडळी माना डोलावत होती. त्यांतल्या निम्म्यांना टीचरांनी भर रस्त्यात उभं करून झाडलेलं मी माझ्या खिडकीतून ऐकलेलं आहे. मेल्यावर माणसाचा राग काढून घ्यायचा आणि उरलेल्या पोत्याला हार घालायचा, ही कुठली रीत?

सभेनंतर कॉफी आली आणि मग खरं बोलणं सुरू झालं.

"मुलगी दगड निघाली हो."

"आई तळमळून गेली. कॅनडातनं एक ओळ नाही."

"शिकवून काय फायदा, सांगा. सुम्मने, उगाच फी भरली."

रेखा, म्हणजे टीचरांची एकुलती मुलगी, त्याच सभागृहात खुर्च्या गोळा करत होती. तिला मराठी कळतं, कानडीही कळतं. मीही तिथेच होतो. ती दगड नाही हे त्या सभागृहात मला एकट्याला ठाऊक होतं, आणि मी कॉफी पीत राहिलो.

जाताना मंडळाच्या कार्यवाहांनी मला गाठलं. "तुम्ही टीचरांच्या वरती राहत होता नव्हं, सार? स्मरणिकेला दोन-तीन पानं द्या. बरं बरं लिवा."

लिहितो म्हणालो. बरं बरं लिहितो असं म्हणालो नाही. मला कानडी लिहिता-वाचता येत नाही, म्हणून हे मराठीत आहे. ज्यांना देवनागरी वाचता येते त्यांनी न येणाऱ्यांना वाचून दाखवावं. कॉफीच्या टेबलापाशी जे उभे होते त्यांना तर मोठ्याने.

मी मूळचा सोलापूरचा. म्हैसूरजवळ कडकोळच्या एका कारखान्यात संगणकांच्या देखभालीचं काम करतो. बायको सोलापुरात शाळेत आहे, म्हणून इथे एकटा. म्हैसूरच्या अग्रहार भागात भाड्याचा वरचा मजला आहे असं कळलं तेव्हा घर बघायला गेलो. दारात एक उंच, वाळकी बाई उभी होती, काठापदराची साडी, कानात कापसाचा बोळा.

"काय करता?"

"कंप्युटर."

"म्हणजे इंजिनेर."

"नाही, डिप्लोमा आहे."

"मी इंजिनेरच म्हणणार. नावं माझ्या ध्यानात राहत नाहीत. स्वयंपाक येतो?"

"येतो."

"जळका वास आला तर मी वर येऊन बोलणार. बायको कुठे?"

"सोलापूरला. तिची नोकरी आहे तिथे."

"शहाणी दिसते," असं म्हणून त्यांनी किल्ली दिली.

त्यांच्या घराण्यात जुन्या म्हैसूरच्या फौजेतली शिलेदारी. वडील राजवाड्याच्या पागेत होते. घरात मराठी बोलायचे, पण ती मराठी कितीतरी पिढ्या कानडीच्या शेजारी झोपलेली. माझ्या मराठीला त्या 'रेडिओची मराठी' म्हणत. खुशीत असल्या की मला 'अरे इंजिनेरा', राग आला की 'अहो इंजिनेर'. त्यामुळे मला बहुतेक वेळ मान मिळाला.

गणित शिकवून निवृत्त झालेल्या. अर्ध्या अग्रहाराला त्यांनी बीजगणितात नापास केलेलं आहे. शोकसभेत एक डॉक्टर बोलले, टीचरांमुळे मी घडलो वगैरे. या डॉक्टरांना टीचरांनी सहामाहीत शून्य दिलं होतं, आणि उत्तरं सगळी बरोबर होती. पायऱ्या लिहिल्या नव्हत्या. वडील भांडायला आले, पोराला डॉक्टर करायचंय म्हणाले, तर टीचर म्हणाल्या, "उत्तर बरोबर आहे, मुलगा चूक आहे. आज गणितात उडी मारली, उद्या कुणाच्या पोटात सुरी घालताना मारेल." डॉक्टरांनी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सभा जरा जिवंत झाली असती.

आणि ते मंडळाच्या वार्षिक मेळाव्याचं? तेही कुणाला आठवलं नाही. दरवर्षीप्रमाणे एक ज्येष्ठ गृहस्थ पूर्वजांच्या तलवारी, घोडे, लढाया काढून बसले होते. बराच वेळ झाला. पोरं भुकेली, आतून भाताचा वास येतोय. टीचर मागच्या रांगेतून उठल्या आणि म्हणाल्या, "राव, घोड्यावरनं उतरून आजोबा मेले, बाप मेला. तुम्ही अजून मांड्या फाकून चालता. आता जेवायला वाढा." हसू आलं ते आतल्या आचाऱ्याला. बाकीचे त्यांच्याशी वर्षभर बोलले नाहीत. टीचर म्हणाल्या, बरं झालं, कान दुखत होते.

पण शिलेदारीची एक गोष्ट त्यांनी स्वतः सोडली नव्हती. वडिलांची शिकवण: काम झालं की हत्यार म्यानात. विळी वापरून झाली की पात्यावर फडकं. शिवणयंत्रावर झाकण. इस्त्री, मिक्सर, टीव्ही, सगळ्यांचे प्लग भिंतीतून उपसून वायर गुंडाळून ठेवायची. नुसतं बटण बंद करणं म्हणजे त्यांच्या मते तलवार उघडी टाकून झोपणं. संगणकालाही हाच नियम. काम संपलं की प्लग बाहेर.

संगणक त्यांच्या शाळेने मोडीत काढलेला. त्यावर लिनक्स होतं, कारण शाळेत तेच शिकवलेलं आणि टीचरांना तेच येत होतं. गल्लीतल्या प्रत्येकाने, भाच्या-पुतण्यांनी, केबलवाल्यानेसुद्धा त्यांना दुसरं काहीतरी घालून घ्यायला सांगितलं. "का? हे चालतंय नव्हं? याला उघडून आत बघता येतं. मी प्रेशर कुकरपण उघडून बघते." व्हॉट्सॲपला त्या नळावरचं भांडण म्हणत. लिहायचं तर ईमेल, आणि तिलाही त्या पोस्टच म्हणत. पोस्ट आपल्या यंत्रात उतरवून घ्यायची, आपल्या घरात ठेवायची. आधी इंटरनेट तोडून शांतपणे लिहायचं, पत्र पाठवायच्या पेटीत टाकायचं, मग डोंगल जोडून सगळी एकदम पाठवायची आणि डोंगल काढून डब्यात. संगणकाचं घड्याळ इंटरनेटवरून आपोआप लागतं, तीही सोय त्यांनी बंद करून ठेवली होती. "माझ्या घरातलं घड्याळ बाहेरच्यानं का लावायचं?"

त्या लिहीत कुणाला? महानगरपालिकेला: गटार, कुत्री, रस्त्यावरचा दिवा. वर्तमानपत्राच्या संपादकांना: तुमच्या कोड्यात चूक आहे. आणि रेखाला.

रेखाचं थोडं सांगतो, जेवढं या पानासाठी लागतं तेवढंच. टीचरांचे यजमान अचानक वारले. रेखा कॅनडातून निघाली, वाटेत विमान चुकलं, पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. घर माणसांनी भरलेलं. ती उंबऱ्यात उभी राहिली आणि टीचर आतून म्हणाल्या, "पाहुणे आले. कॉफी द्या कुणीतरी." बस, एवढंच. रेखा तेरा दिवस राहिली, काम केलं, आईशी एक शब्द बोलली नाही आणि गेली. त्यानंतर फोन नाही, काही नाही. हे मी येण्याआधीचं. मला टीचरांनीच सांगितलं, एक दिवस, डाळ निवडताना, कुणा तिसऱ्याची गोष्ट सांगावी तसं.

"फोन करा की," मी म्हणालो होतो.

"फोनवर माझा आवाज वर जातो. लिहिताना मी शहाणी असते."

आता यंत्राचं.

एके दिवशी मी कामावरून आलो तर त्या जिन्यातच उभ्या. "अरे इंजिनेरा, पोस्ट जाईना."

खाली गेलो. मेलच्या प्रोग्रॅमने एक इशारा दाखवला होता: पलीकडच्या सर्व्हरच्या ओळखपत्रावर विश्वास ठेवता येत नाही, जोडणी थांबवली आहे.

"कुणावर विश्वास नाही म्हणतंय? माझ्यावर?"

"नाही टीचर. पलीकडच्यावर."

"मग बरोबर आहे."

मी खुर्ची ओढली. त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "ही तारीख बघ आधी. चुकीची आहे. मी रोज बरोबर करते, सकाळी परत चुकीची. आज तशीच ठेवली, तू बघावी म्हणून. हे यंत्र बनलं त्या वर्षात जाऊन बसतंय."

"ते वेगळं आहे टीचर. त्याचा याच्याशी संबंध नाही."

"वेगळं कसं? एका यंत्रात दोन चुका आणि त्या एकमेकीला ओळखत नाहीत?"

हे वाक्य मी रोज ऐकतो. आंघोळ करताना ऐकतो. संबंध होता. संबंधच संबंध होता. प्रत्येक संगणकात नाण्याएवढा एक सेल असतो. वीज नसली की आतलं घड्याळ तो चालता ठेवतो. टीचरांच्या यंत्रातला सेल मेला होता. प्लग भिंतीत राहिला असता तर कदाचित निभावलं असतं, पण प्लग रोज बाहेर, म्हणून घड्याळ रोज मरायचं आणि दुसऱ्या दिवशी यंत्र आपल्या जन्माच्या वर्षी, जानेवारीच्या एक तारखेला जागं व्हायचं. त्याच्या हिशेबाने सर्व्हरचं ओळखपत्र अजून निघालेलंच नव्हतं. मग विश्वास कसा ठेवणार? यंत्र बरोबर बोलत होतं. टीचर बरोबर बोलत होत्या. चुकीचा त्या खोलीत मी एकटा होतो, आणि शिकलेलाही या कामात मीच.

मला सेलबद्दल माहीत नव्हतं असं नाही. माझा धंदाच तो आहे. पाय दुखत होते, भूक लागली होती, मेलचा प्रश्न मेलमध्ये सोडवायचा होता. खोक्याचे स्क्रू काढायचे, सेल आणायला बाजारात जायचं, त्यापेक्षा एक टिचकी सोपी. इशाऱ्याखाली बटण असतं: तरीही विश्वास ठेवा, कायमचा. मी ते दाबलं. पोस्ट सुरू झाली.

"आणि तारीख?"

यावर मी जे केलं ते कुणी माझ्या आईच्या यंत्राला केलं असतं तर मी त्याच्या कानाखाली वाजवली असती. मी पडद्यावरच्या पट्टीत गेलो आणि तारीख दाखवूच नका असं सांगितलं. कोपरा रिकामा झाला. त्यांना तेव्हा मोतीबिंदूमुळे कमीच दिसत होतं. अक्षरंही मोठी करून दिली, म्हणजे त्या खुश.

"आयतु?" त्या म्हणाल्या. झालं का?

"झालं टीचर."

"काय होतं?"

"काही नाही, सेटिंग होतं."

"पायऱ्या सांग."

"लांबलचक आहे हो. परत सांगतो कधी."

आणि त्या म्हणाल्या, "बरं." डॉक्टराला शून्य देणाऱ्या बाईने मला पायऱ्या न ऐकता सोडून दिलं. मला आता त्यांचाच राग येतो. का सोडलंत? प्रत्येकाला धरलंत, मलाच तेवढं कसं सोडलंत?

त्या दिवसापासून त्यांची पत्रं जात राहिली आणि प्रत्येकावर त्या जुन्या वर्षाची एक जानेवारी. मेल वाचणाऱ्याच्या पेटीत पत्रं तारखेप्रमाणे लागतात. नवीन वर, जुनी खाली. टीचरांचं आज लिहिलेलं पत्र पोचल्या क्षणी तळाशी जाऊन बसायचं, जिथे कुणी कधी बघत नाही. महानगरपालिकेने उत्तर दिलं नाही. त्यात नवल ते काय? संपादकांनी दिलं नाही. ते तर आधीही देत नव्हते. त्यामुळे संशय कुणालाच आला नाही. सर्व्हर अधूनमधून आपलं ओळखपत्र बदलतो, मग इशारा परत यायचा, त्या मला हाक मारायच्या, मी परत तेच बटण दाबायचो. त्या बाहेर लोकांना सांगू लागल्या: आमचा इंजिनेर आहे, एका मिनिटात करतो.

पावसाळा संपत आला होता तेव्हा त्यांनी रेखाला पहिलं पत्र लिहिलं. कानडीत, ती गोल गोल अक्षरं, पडदाभर. मला वाचता येत नाही हे त्यांना माहीत होतं, म्हणून मी मागे उभा असलो तरी चालायचं.

"माफी मागितली आहे," त्या म्हणाल्या. तोंड असं केलेलं की कुणी शिवी दिली असावी.

"चांगलं केलंत."

"चांगलं नाही केलं. बरोबर केलं."

मग वाट बघणं. मी कामावरून आलो की विचारायच्या नाहीत, पण जिन्यात दार उघडं असायचं. "पोस्ट बघ जरा, चालतंय ना." मी बघायचो. चालत होतं. येणारी पत्रं नीट येत होती: विजेचं बिल, कुठल्या बँकेची जाहिरात. रेखाचं नाही. त्यांनी परत लिहिलं. परत. कितीदा लिहिलं ते मला त्यानंतर पुष्कळ दिवसांनी कळलं. प्रत्येक पत्रागणिक त्यांचा राग वाढायला हवा होता, तसा तो काही दिवस वाढलाही. दूधवाला, मी, गल्लीतली कुत्री, सगळ्यांना त्याचा प्रसाद मिळाला. मग तो कमी होऊ लागला. मला तेव्हा वाटलं, वय झालं.

दसरा आला. आमच्या कारखान्यात आयुधपूजेला सगळी यंत्रं बंद करून, वीज तोडून, धुऊनपुसून कुंकू लावतात, दारात कोहळा फोडतात. पूजेनंतर वीज जोडली तर फाटकावरच्या संगणकाने जुन्याच कुठल्या वर्षाची तारीख दाखवली. माझ्या हाताखालच्या मंजुनाथाने खोकं उघडलं, सेल काढून मला दाखवला आणि कानडीत हसत म्हणाला, "मेलाय, सार. पूजेनंतरच्या गाड्यांच्या नोंदी बघा, गेल्या तळाला. आता शोधत बसा."

मी तिथेच एका खोक्यावर बसलो. मंजुनाथाला वाटलं उपासाने चक्कर आली. त्याने मला प्रसादाची चुरमुऱ्याची पुडी दिली.

त्याच संध्याकाळी सेल घेऊन टीचरांकडे गेलो. त्यांच्या संगणकावरही कुंकू होतं, शेवंतीचं फूल होतं. "आज हत्याराला हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "उद्या ये." उद्या गेलो. धूळ काढतो म्हणून सांगितलं. त्यांनी उजेडासाठी बॅटरी धरली. मी जुना सेल काढला, नवा बसवला, तारीख बरोबर लावली आणि कोपऱ्यात परत आणली. त्यांच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया तोवर झाली होती.

"तारीख आली."

"हो."

"मधी कुठे गेली होती?"

"ती पट्टी बिघडली होती टीचर."

म्हणजे यंत्र दुरुस्त केलं आणि माणसाला आहे तसं सोडलं. पहिल्या वेळचा आळस होता, आळसाला लोक माफ करतात. ही दुसरी वेळ आळसाची नव्हती. मी सेल खिशात घालून, तोंडात खोटं तयार ठेवून गेलो होतो.

खोकं बंद करताना म्हणालो, "रेखाताईंना एकदा लिहा की परत."

त्यांनी बॅटरी विझवली. "का? एका गणिताला किती वेळा मार्क मागायचे? तिनं वाचलं. नको वाटलं. आयतु."

तिनं वाचलं नाही, टीचर. एवढे चार शब्द. जिभेवर होते. रागाची भीती होती म्हणावं तर मी त्या रागाच्या माथ्यावर भाडेकरू म्हणून राहत होतो, मला त्याची सवय होती. घर सोडावं लागेल ही भीतीही नव्हती. खरं सांगायचं तर 'आमचा इंजिनेर' ऐकायला मला आवडू लागलं होतं. सोलापूर सोडल्यापासून कुणी मला आमचा म्हटलं नव्हतं. त्या एका शब्दासाठी मी आई आणि मुलगी दोघींना तसंच राहू दिलं. सांगू, दिवाळीनंतर सांगू. सांगू, थंडी कमी झाली की. संक्रांतीच्या आधी एका पहाटे टीचर झोपेतच गेल्या.

शोकसभेच्या संध्याकाळी मी रेखाला सगळं सांगितलं. ती खाली, आईच्या खोलीत, कपाट आवरत होती. मी दारातूनच बोललो, बसलो नाही. तिने ऐकलं, आपला लॅपटॉप उघडला, मेलची पेटी उघडली आणि खाली, खाली, खाली गेली. अगदी तळाला, तिला आलेल्या सर्वांत पहिल्या पत्राच्याही खाली, आईचं नाव होतं. एकाखाली एक. सगळ्यांवर एकच तारीख.

ती वाचू लागली. मला ती अक्षरं वाचता येत नव्हती, तेव्हा मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. ते बघायचा अधिकार मला नव्हता हे आता कळतं.

बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "तुम्हाला केव्हा कळलं?"

"दसऱ्याला."

"आणि आई संक्रांतीच्या तोंडावर गेली."

"हो."

"मधी दिवाळी होती."

"हो."

तिचा आवाज वर गेला. अगदी आईचा आवाज, गल्लीपर्यंत जाणारा. "मी पण बसले होते हो. मी पण हट्टाने बसले होते, ती आधी लिहील म्हणून. आई माझ्यावर ओरडत मेली असती तरी मला चाललं असतं. ती गप्प होऊन मेली. तुम्ही तिला गप्प केलं."

मी माफ करा म्हणालो.

"मला काय सांगता? मला आता काय करायचंय? सभेत कॉफी पिऊन गेले त्यांना सांगा."

म्हणून हे. रेखा दगड नाही. टीचरांनी हाक मारली होती, एकदा नाही, अनेकदा, आणि ती हाक रेखापर्यंत पोचूनही तिला ऐकू गेली नाही, कारण मधे मी होतो. कार्यवाहांना हे छापायचं नसेल तर मी याच्या प्रती काढून घरोघरी देईन. अग्रहार एवढं मोठं नाही.

त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या जायच्या आधीच्या आठवड्यात. सकाळची वेळ, मी कारखान्याच्या गाडीसाठी कोपऱ्यावर उभा होतो. अवरेकाईचा, म्हणजे पावट्याच्या शेंगांचा हंगाम, हातगाडीवर शेंगांचा ढीग, आणि टीचर एकेक शेंग नाकाशी नेऊन बघत होत्या. मला बघून त्यांनी हात केला. मी जवळ गेलो.

"अरे, यंत्र छान चालतंय हं," त्या म्हणाल्या. मी इतकी वर्षं त्यांच्या घरात राहिलो, त्यांनी कशाला छान म्हटलेलं ऐकलं नव्हतं. "तू नसतास तर मी अजून म्हणत बसले असते, पोस्टच बिघडली असेल, पोरगी तशी नाही. तू नीट करून दिलंस, म्हणून कळलं. आता यंत्राला नाव ठेवायला जागा नाही."

मान हलवायची नव्हती, पण ती हलली.

"जा, गाडी आली तुझी."

गाडीत खिडकीशी जागा मिळाली. शेंगवाला तराजूत शेंगा टाकत होता आणि त्यात मुठीमुठीने किडक्या घालत होता, मला वरून स्पष्ट दिसत होतं. टीचरांनाही दिसत असणार. त्यांनी पिशवीचं तोंड उघडून धरलं आणि तो देईल ते घेतलं.